खोळ वाळत असताना

सकाळी सव्वासात वाजता सावद्याच्या एका पॅकहाऊसमधून मला कंटेनरमध्ये चढवण्यात आले. दार लागले, सील बसले, गाडी सुटली. मी त्या गाडीत असायला नको होतो.

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा खोका आहे. माझ्या अंगावर हिरव्या केळीच्या फण्याचे चित्र आहे, पण केळी मी आजवर कधीच वाहिली नाहीत. माझ्या पोटात कॉमिक्स आहेत. त्यांतल्या एकाची दुसरी प्रत, माझ्या माहितीप्रमाणे, कोणाकडेच नाही. गाडी नाशिककडे निघाली आहे. तिथे केळी पिकवायच्या खोल्या आहेत आणि त्यांतली हवा मुद्दाम ओली ठेवतात. केळीला ती मानवते. जुन्या कागदाला मानवत नाही.

कारखान्यात माझ्यावर छपाई होताना पुठ्ठा सरकला आणि केळीचा फणा तिरका उमटला. असे खोके पॅकहाऊसवर बाजूला काढतात. तिथे मालावर देखरेख करणाऱ्या प्रेमराज यांनी मला घरी नेले. त्यांना कॉमिक्सचा नाद. जळगाव, चोपडा, धुळे इथली तसाच नाद असलेली माणसे त्यांना भेटत गेली आणि मी त्यांचा फिरता खोका झालो.

फिरत्या खोक्याची रीत सोपी आहे. ज्याच्या घरी तो येईल त्याने हवे ते कॉमिक काढून घ्यावे आणि त्याच तोलाचे एक आत ठेवावे. कोणी एखादे फक्त वाचायला ठेवले असेल, तर ते वाचून तसेच पुढे पाठवावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. आणि दुसऱ्याच्या कॉमिकचा फोटो मालकाने सांगितल्याशिवाय काढू नये. हा शेवटचा नियम धुळ्याच्या दानिशने घातला. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याच्या एका दुर्मीळ अंकाचे फोटो कोणीतरी आपले म्हणून फिरवले होते, तेव्हापासून तो या बाबतीत कोणाचे ऐकत नाही.

माझे दिवस चांगले गेले. चोपड्याला एका घरात माझ्यावर मिक्सर ठेवला, त्याचा खड्डा झाकणावर अजून आहे. पण पिंप्राळ्याला गेलो की माझी बडदास्त असे. तिथे कनीज राहतात, शिवणकाम करतात. त्यांनी माझ्या मापाची एक खोळ शिवली, जाड पांढऱ्या कापडाची. त्यांचे वडील नूर महंमद यांनी तिच्यावर लाल रंगात लिहिले : ‘आत कॉमिक्स आहेत. बसू नये.’ नूर महंमद यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षर असे, की रस्त्याच्या पलीकडून वाचावे.

तरुणपणी त्यांनी एक कॉमिक काढले होते, दोन भागांचे. गोष्ट तापीवरच्या रेल्वेपुलाची. पहिल्या भागाच्या शेवटच्या चित्रात गेटमनची मुलगी पुलाच्या मध्यावर उभी आहे, समोरून गाडी येते आहे आणि तिच्या कंदिलातले तेल संपले आहे. हा भाग अनेकांकडे आहे. दुसरा भाग छापून झाला आणि छापखान्यात पाण्याची टाकी फुटली. सगळे गठ्ठे भिजून गेले. शाई नीट वाळते का ते पाहायला नूर महंमद यांनी घरी आणलेली एक प्रत तेवढी उरली. कनीजनी ती कधी घराबाहेर जाऊ दिली नाही. आता नूर महंमद यांना दिसत नाही. ते म्हणाले, “कपाटात ठेवून काय करू? लोकांना कळू दे त्या मुलीचं काय झालं.” रविवारी धुळ्याला या मंडळींच्या बैठकीत, कनीजही येणार होत्या तिथे, ती प्रत सगळ्यांसमोर वाचायची ठरली. खोका नेण्याची पाळी प्रेमराज यांची होती.

“माझ्या हातातून थेट तुमच्या हातात, आपा,” ते कनीजना म्हणाले होते.

बाकीची कॉमिक्स प्लास्टिकच्या पिशव्यांत असतात. ही प्रत मलमलीत गुंडाळली आहे, कारण प्लास्टिकमध्ये जुना कागद घामेजतो असे कनीज यांचे म्हणणे.

रविवारी, म्हणजे आज, पहाटे प्रेमराज मला घेऊन पॅकहाऊसवर आले. एक गाडी भरून द्यायची आणि तसेच धुळ्याला निघायचे, असा त्यांचा बेत होता. खोळीवर केळीच्या चिकाचा काळा डाग पडलेला त्यांना दिसला. कनीजआपांसमोर असे न्यायचे कसे, म्हणून त्यांनी खोळ काढली, घासली आणि तारेवर वाळत घातली. मी ऑफिसच्या दाराशी उघडा राहिलो. खोळीशिवाय मी इतर शेकडो खोक्यांसारखाच एक खोका होतो.

शेवटच्या थरात एक खोका कमी पडला. माल चढवणाऱ्या वना नावाच्या हमालाने इकडे तिकडे पाहिले, मला उचलले आणि दाराजवळ लावले. कॉमिक्सने भरलेला खोका वजनाला केळीच्या खोक्याइतकाच भरतो. त्याच्या हाताला फरक कळला नाही. त्याचा दोष मी मानत नाही.

माझी जागा हवेच्या जाळीला लागून आहे, म्हणून मला बाहेरचे दिसते आणि ऐकू येते. जळगावजवळ ड्रायव्हर झुलाल टायर पाहायला उतरले, तेव्हा त्यांचा फोन वाजला. फोन प्रेमराज यांचा होता. मी दाराशी नाही हे त्यांना कळले होते, आवाज चढलेला होता. झुलाल यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि जाळीतून आत पाहिले.

“दखास ना. तिरपा फना, दारजोडेच शे. पन सील लागेल शे, भाऊ.”

“सील तोडू नका. तोडलं तर नाशिकचा शेठ माल घेणार नाही आणि माझी नोकरी जाईल.”

“मंग पिंप्राळाले कोनी शे का तुमनं? इठेच शे गाडी. बलाई ल्या.”



“नको,” प्रेमराज म्हणाले. “तिथं नको सांगायला. धुळ्याला माझा माणूस येईल.”

पिंप्राळा तिथून रिक्षाने जाण्याइतके जवळ होते. गाडी सुटली.

धुळ्याच्या बाहेर, झुलाल जिथे जेवायला थांबतात तिथे, दानिश मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याने जाळीतून टॉर्च मारला. उजेड माझ्या झाकणावरच्या खड्ड्यावर थांबला.

“हाच. आपला मिक्सरवाला,” तो स्पीकरवर टाकलेल्या फोनवर प्रेमराज यांना म्हणाला. “हात घातला तर लागेल, पण हात जात नाही. एक सांग, दुसऱ्या भागाचा एक तरी फोटो काढला होतास?”

“नियम तूच केलास ना?”

“तेवढा एकच नियम बरा लक्षात राहिला तुझ्या. कनीजआपाला सांगितलंस?”

“खोका हातात आला की सांगतो.”

“म्हणजे नाही सांगितलंस. थांब.”

दानिशने तो फोन ठेवला आणि कनीजना लावला, तोही स्पीकरवर. त्याने काही लपवले नाही. मी वाट पाहत होतो की त्या रडतील किंवा रागावतील. त्यांनी विचारले, “खोळ कुठे आहे?”

“धुतली, आपा. सावद्याला वाळतेय.”

“अंगावर असती तर कोणी उचललाच नसता,” त्या म्हणाल्या. मग पलीकडे नूर महंमद यांचा आवाज आला, बारीक. कनीजनी तो शब्दाला शब्द सांगितला. “अब्बा विचारतात, आत ओल आहे का?”

“अजून नाही. पुढे आहे.”

दानिश झुलाल यांच्याकडे वळला. “दादा, तोडा ना सील. मी लिहून देतो.”

“तुना लिखाले कोन इचारस? सील तुटनं का बठ्ठा माल मन्हा आंगवर येई.”

“मग मला तरी सोबत न्या.”

“क्याबिनमा क्यामेरा शे. तुले बसाडता येवाव नही.”

कनीज हे ऐकत होत्या. “दानिश, सील तोडायला लावू नकोस. त्यांचं पोट आहे त्यावर. फोन त्यांना दे.” आणि झुलाल यांना त्या म्हणाल्या, “भाऊ, एवढंच करा. तिथं गेल्यावर तो खोका सगळ्यात आधी उतरवा.”

“अक्का, पहिला हाऊच उतारसू. मन्हा शब्द शे.”

“आणि प्रेमराजला सांग, दानिश, की शेठला आता फोन कर, तो खोका बाजूला ठेवायला सांग. नोकरी जाईल म्हणून गप्प बसला तर अब्बांचं पुस्तक जाईल.”

प्रेमराज “करतो” म्हणाले. तो फोन केला की नाही, हे मला कळलेले नाही. गाडी निघाली आणि दानिश मोटारसायकलवर मागे लागला. राहुड घाट आम्ही ओलांडला. पुढे गाडी थांबली तेव्हा झुलाल यांना त्याचा फोन आला, की मागे एक ट्रेलर आडवा झाला आहे, वाहने थांबली आहेत आणि मोटारसायकललाही वाट नाही.

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा आहे, मला फार काही कळते असे नाही. पण कोणी विश्वासाने काही वाचायला दिले, तर ते जसे आले तसेच राहू द्या. त्याची खोळ मळली असेल, तर मळकीच न्या. आणि चूक झालीच, तर ज्याची वस्तू त्याला सर्वांत आधी सांगा. जळगावजवळ गाडी उभी होती तेव्हा कनीज रिक्षाने आल्या असत्या. सील त्यांनाही तोडता आले नसते, पण शेठला फोन सकाळीच गेला असता.

दुपारी गाडी पिकवणीच्या जागी पोचली. सील काढले. झुलाल यांनी शब्द पाळला. हमालांना ते म्हणाले, “हा पहिला घ्या,” आणि सहीसाठी कागद घेऊन ऑफिसच्या खिडकीकडे गेले. हमालांनी मला पहिला घेतला. पण इथे जो पहिला उतरतो तो पहिला खोलीत जातो, आणि जो पहिला जातो तो मागच्या भिंतीला लागतो. हे झुलाल यांना ठाऊक नव्हते. कनीजनाही नव्हते.

मी आता सर्वांत आत आहे. माझ्यापुढे खोक्यांची एक रांग लागली आहे, दुसरी लागते आहे. छताजवळच्या नळीतून पाण्याचा बारीक फवारा सुरू झाला आहे. माझ्या वरचा पुठ्ठा गार लागतो. मलमल अजून कोरडी आहे.

खोलीचे दार उघडे आहे. दोन खोक्यांच्या फटीतून मला ऑफिसचे टेबल दिसते. झुलाल खिडकीशी पाठमोरे उभे आहेत. टेबलावरचा फोन वाजतो आहे. तो अजून कोणी उचललेला नाही.