दुपारची राखण

"डोळे मिटलेस?"

"विचार करतोय."

"घोरत विचार करतोस होय?"

रमणिकनं एक डोळा उघडून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या ताकात माशी सोडलीय. मी ओला रुमाल त्याच्या मानेवर टाकला. तो दचकून उठला, मला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या आणि परत तक्क्याला टेकला. पण जागा झाला. माझं काम तेवढंच होतं.

राजकोटात दुपारी एकला शटरं पडतात. डाळ-भात खाऊन जो तो आडवा होतो, आणि चारपर्यंत कुणाला मरायचं असेल तरी त्यानं जरा कळ काढावी अशी अपेक्षा असते. आमच्या गल्लीत त्या वेळी कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. कुणावर भुंकणार? आणि अशा गावात डॉक्टरीणबाईंनी रमणिकला सांगितलं, रात्रीची झोप आपसूक यायला हवी, दुपारची झोप बंद. म्हणजे माशाला सांगायचं, पाण्यात राहा पण भिजू नकोस.

तर भानुभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, ही राखण माझ्यावर सोपवली. "कनुभाई, लोकांची झोप उडवण्यात तुमचा हात कोण धरणार," म्हणाल्या. हे कौतुक होतं की टोमणा ते मी विचारलं नाही. मी त्यांच्या शेजारचा बटण-लेसवाला. मधली भिंत एक, संडास एक आणि लहानपण एक. गल्लीत असा माणूस नाही ज्याच्या चपला मी कधी पळवल्या नाहीत.

रमणिकचं मॅचिंगचं दुकान. फॉल, अस्तर, दोऱ्याची रिळं. बायका साडीचं टोक घेऊन येतात, हा रीळ काढतो, ओट्यावर उन्हात नेतो, कापडाला लावून दाखवतो. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो म्हणतो. एखादी बाई अर्धं दुकान ओट्यावर मांडून काही न घेता निघाली तरी हा हात जोडून म्हणणार, "परत या हां बेन." मी त्याला सांगायचो, तू तिकीट लाव, बघायचे पैसे घे. तो हसायचा. त्याच्या आवाजाला वरची पट्टी असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता ही गोळीची भानगड. भूकंपाच्या साली जमीन हलली आणि थांबली, रमणिक थांबला नाही. पलंग कुरकुरला तरी उठून रस्त्यावर पळायचा. तेव्हाच्या डॉक्टरकाकांनी एक बारीक गोळी दिली, थोडे दिवस घे म्हणाले. थोडे दिवस म्हणजे वीसेक वर्षं झाली. काका वारले, गोळी राहिली. मला तो सांगायचा, पित्ताची आहे. मी भोळा, इतकी वर्षं त्याला थंड दूध प्यायचा सल्ला देत होतो.

यंदा तो नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी सांगितलं, ही गोळी आता झोप देत नाही, नुसती धरून ठेवते. ती हळूहळू कमी करायची आणि धास्तीसाठी दुसरी सुरू करायची. मधले काही आठवडे चिडचिड होईल, रडू येईल, अंगात मुंग्या आल्यासारखं वाटेल. मनानं काही बंद करायचं नाही, काही वाढवायचं नाही. रमणिकनं मान डोलावली. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून हुशार.

मग सुरू झालं. डाळीत गूळ कमी पडला म्हणून तो भाभींवर ओरडला, आणि ओरडला म्हणून मोरीत जाऊन रडला. गाठियावाल्यानं जास्तीची मिरची दिली तर डोळे भरून आले. मी विचारलं, तिखट लागली का? म्हणाला, "नाही रे, किती चांगला माणूस आहे." आता तो गाठियावाला आठवड्याचं जुनं तेल वापरतो, सगळ्या राजकोटला माहीत आहे. मी हसलो. तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदावरही पोट धरून हसणारा माणूस, आणि आता जोक सांगितला की ऐकून घ्यायचा, एखादा सांत्वनाला आलेला माणूस बोलतोय तसा.

आणि मग लाभुबेनचं प्रकरण झालं.

लाभुबेन म्हणजे आमच्या गल्लीचं जुनं गिऱ्हाईक. घरी शिवणकाम करते, त्यावर नवरा गेल्यानंतर दोन पोरी उजवल्या. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती सकाळी ब्लाउजपीस घेऊन आली. रमणिकनं दोन-तीन रिळं दाखवली, तिला पटेनात. तिनं कापड डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. मी माझ्या दुकानातून बघत होतो. एकदम रिळांचा अख्खा खण रस्त्यावर आला आणि रमणिकचा आवाज, "दिसत नसेल तर शिवण सोडा ना, आमचा जीव कशाला खाता?"

येणारे-जाणारे थबकले. लाभुबेन खाली बसली, रिळं एकेक करून गोळा केली, खणात भरली, खण ओट्यावर ठेवला आणि गेली.

रमणिकनं भर सकाळी आतून शटर ओढलं. मी मागच्या दारानं शिरलो. तो अंधारात गादीवर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून, जणू हात सुटून पुन्हा काहीतरी करतील.

"कनु," तो म्हणाला, "ते बोललं कोण? मी का गोळी?"

मी दिवा लावायला गेलो, त्यानं नको म्हटलं. 

मग त्यानं खरं काम सांगितलं. जुनी गोळी आणून दे, पूर्वीइतकी. डॉक्टरीणबाईंना कळायला नको, भानुला तर नकोच. "तुला औषधाच्या दुकानात कोण नाही म्हणतं?" म्हणाला. हे बाकी खरं आहे. मला मनात आलं तर कलेक्टरच्या गाडीची हवासुद्धा मिळते. आणि नाही आणली तर दुकान विकतो म्हणाला. लोकांच्या तोंडावर खण फेकणाऱ्यानं दुकान चालवू नये. तो हे रागानं बोलला असता तर मी उडवून लावलं असतं. तो हिशेब केल्यासारखं बोलला.

मी बाहेर पडलो आणि सरळ चौकातल्या दुकानात जाऊन पेपरमिंट घेतलं. बारीक, पांढरं, गोल. माझा बेत झकास होता. जुन्या गोळीच्या नावानं हे द्यायचं, तो निवांत होईल, कुणाचं काही बिघडणार नाही. जन्मभर लोकांना फसवलंय, एकदा तरी पुण्यकर्मासाठी फसवू. परत येताना मी शिट्टी वाजवत होतो.

पण तो तसाच बसला होता. मला बघून त्यानं हात पुढे केला. माझ्यावर इतका विश्वास गल्लीत कुणी ठेवत नाही, आणि बरोबर आहे त्यांचं. मी पुडी त्याच्या हातावर उलटी केली.

"पेपरमिंट आहे," मी म्हणालो. "तुला बनवणार होतो. जमत नाही."

त्यानं हातातल्या गोळ्या मोजल्यासारख्या बोटानं सरकवल्या. मग एक तोंडात टाकली. "निदान गोळी तर आहे," म्हणाला. मीही एक घेतली. आम्ही दोघं अंधारात पेपरमिंट चघळत बसलो, आणि मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी भाभींनाही सगळं सांगून आम्ही तिघं गेलो. बाई माझ्या पोरीच्या वयाच्या, पण त्यांच्यापुढे मला शाळेत बसल्यासारखं झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इतक्या वर्षांची सवय, आपण जरा भरभर उतरलो. आता आहे त्या पायरीवर थांबू आणि पुढची पायरी आणखी छोटी करू. नवी गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्या. मग त्यांनी रमणिकला, आज काय जेवलात विचारावं तितक्या साधेपणानं विचारलं, जगणं नको असं मनात येतं का?

भाभींनी पदराचा पीळ केला. रमणिक म्हणाला, तसं नाही, पण शटर ओढून आत बसून राहावंसं वाटतं. बाई म्हणाल्या, कधी तसं वाटलंच तर भाभींना सांगायचं, मला लगेच फोन करायचा, नंबर लागायची वाट बघायची नाही. हे कायमचं नाही. पण यातून एकट्यानं जाऊ नका, ज्यांच्याशी रोजचा संबंध आहे त्यांना सांगून टाका.

"गल्लीला सांगू?" रमणिकनं विचारलं.

त्यात सगळं आलं. आमच्या गल्लीत एकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाला न्यूमोनिया होतो. डोक्याची गोळी म्हटलं की माणूस वेडा ठरला, मग त्याच्या भाच्यांची लग्नंसुद्धा अडतात. पित्ताची गोळी तो वीस वर्षं उगाच सांगत नव्हता. बाई म्हणाल्या, तुम्हाला जमेल तेव्हा, जमेल त्याला.

त्यानंतर एकदम काही बरं झालं नाही. एक दिवस चांगला जायचा, दुसऱ्या दिवशी तो कात्री शोधताना रडकुंडीला यायचा. दुकान अर्धा दिवस उघडायचं. राग येतोय असं वाटलं की आत जाऊन रिळं रंगाप्रमाणे लावत बसायचा. लाभुबेन गल्लीतून जायची ती समोरच्या बाजूनं, आमच्याकडे न बघता. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत रमणिक बघत राहायचा. मी म्हणालो, हाक मार ना. तर म्हणाला, "हाक मारून काय सांगू? पित्त झालंय?"

आणि माझी राखण चालूच. मी त्याला पत्ते खेळायला लावले, मुद्दाम हरलो, मुद्दाम लबाडी केली, गल्लीतल्या प्रत्येकाच्या घोरण्याची नक्कल केली. कधी ओठांच्या कडेला हसू यायचं आणि परत जायचं. मला तेवढंही पुरायचं. पण रोज तीन तास एका माणसाला जागं ठेवायचं म्हणजे स्वतःलाही जागं राहावं लागतं, आणि मीही शेवटी राजकोटचाच. एका दुपारी घरून आमरस पिऊन आलो. रमणिक समोर अस्तराचे तागे लावत होता. मी गादीवर जरा कलंडलो, एवढंच आठवतं.

जाग आली ती बोलण्यानं. शटर वर गेलेलं, ओट्यावर ऊन, आणि उन्हात लाभुबेन उभी. हातात पिशवी. मी धडपडून उठायला गेलो आणि मागून कुणीतरी ओढल्यासारखा परत आपटलो. पुन्हा उठलो, पुन्हा आपटलो. वळून बघतो तर माझा पिस्ता रंगाचा शर्ट खालून पार गादीच्या चादरीला शिवलेला. धावदोरा नाही, चांगली पक्की हातशिलाई. दोरा असा पिस्ता की शर्टावर टाका दिसत नव्हता. मी बोटांनी चाचपून शोधला तेव्हा सापडला.

या माणसानं आयुष्यात कुणाची टोपीसुद्धा लपवली नव्हती.

"बस तू," रमणिक माझ्याकडे न वळता म्हणाला. मी बसलो. दुसरं काय करणार?

लाभुबेन म्हणत होती, "फोन केलात म्हणून आले. नाहीतर येणार नव्हते."

"बरोबर आहे," रमणिक म्हणाला. त्याचा एक हात खणाच्या कडीवर होता. समोरचा पितळेच्या भांड्यांचा दुकानदार शटर उघडता उघडता थांबलेला मला दिसत होता. रमणिकलाही दिसत असणार. त्यानं आवाज कमी केला नाही.

"बेन, मी झोपेची गोळी घेतो. मनाच्या धास्तीची. खूप वर्षं घेतोय. आता ती बदलतायत, त्यानं माझं डोकं फिरतं. त्या दिवशी तुम्हाला बोललो ते गोळीमुळे म्हणून सोडून देता येणार नाही. तोंड माझं होतं. माफ करा."

लाभुबेननं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "मग आता?" तिनं विचारलं.

"आता पुन्हा होऊ शकतं. मला आधी कळतं, छातीत सुरू होतं. तसं झालं तर मी सांगेन, तुम्ही दोन मिनिटं बाहेर उभ्या राहा. मग परत या."

"दोनच ना?"

"दोन."

"बरं," ती म्हणाली आणि पिशवीतून कापड काढलं.

जांभळ्यात जरा राखाडी मिसळावा तसला अवघड रंग होता. रमणिकनं रीळ काढलं, उन्हात नेलं, दोरा कापडावर धरला. तिनं वाकून बघितलं आणि मान हलवली. दुसरं काढलं. तिनं कापड लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं. नाही म्हणाली. तिसरं काढताना त्याचा हात थांबला. मानेची शीर वर आली. मी जागेवरून हलू शकत नव्हतो आणि पहिल्यांदाच मला एकही विनोद सुचत नव्हता.

"बेन," तो म्हणाला, "दोन मिनिटं."

लाभुबेन ओट्यावरून उतरली. बाहेर सावलीचा तुकडा नव्हता. तिनं पदर डोक्यावर घेतला, पिशवी काखेत मारली आणि आमच्याकडे पाठ करून, बसची वाट बघावी तशी, भर उन्हात उभी राहिली.