आबांच्या चष्म्याची काच

चूक तेजश्रीचीच, दुसऱ्या कुणाची न्हाई. कारेगावच्या काचेच्या वर्कशॉपात रफीकभाईंनी सहा वर्षं तिच्याकडनं एकच गोष्ट घोकून घेतली होती. "पहले गाल को लगा, फिर भट्टी में डाल." काच गालाला गार लागते, प्लास्टिक तसं लागत नाही. फिरोजाबादचा तो उस्ताद बोलायला तिखट, पण शिकवताना त्यानं हातचं राखून कधी ठेवलं नाही.

तिच्या गावच्या, खुटबावच्या विहाराला रंगीत काचेची खिडकी करायचं ठरलं, मधोमध पिंपळाचं पान. काम तेजश्रीकडं आलं. समितीच्या आण्णांनी घरोघर सांगितलं, प्रत्येकानं एक काच द्यायची. कुणी फुटका ग्लास दिला, कुणी औषधाची बाटली, बायांनी बांगड्या. तेजश्रीची आई, ताईबाई, मात्र गेल्या साली वारलेल्या नवऱ्याचा चष्मा घेऊन आली. म्हाळूआबांची तेवढीच वस्तू तिनं पेटीत जपली होती.

"वाचायचा लई नाद त्यांना," ती म्हणाली. "आता विहारात ऱ्हाऊ दे. पर सांभाळ गं बाई, दुसरं काय न्हाई माझ्याकडं."

तेजश्रीनं एक काच काढली, तिच्यावर पानाची शीर रंगवली आणि रंग पक्का करायला भट्टीत ठेवली. गालाला काही लावली नाही. आबांची वस्तू गालाला लावली असती तर रडू फुटलं असतं. भट्टी उघडली तर आत नुसती काजळी! डोळ्यांच्या फुकट शिबिरातला चष्मा, प्लास्टिकचा. एवढं शिकून तिनं माती खाल्ली.

लपवणं तिला जमलं नाही. संध्याकाळी आईपुढं बसून तिनं सगळं सांगून टाकलं.

"एक डोळा घालवलास त्यांचा," ताईबाई म्हणाली, आणि चार दिवस लेकीशी बोलली नाही.

उरलेली काच तेजश्रीनं भट्टीत घातलीच नाही. शिशाच्या पट्टीत धरून, बिनरंगाची, तशीच पानाच्या मधोमध बसवली.

खिडकी लागली त्या दिवशी सगळी आळी जमली. तेजश्री बाहेरच्या अंगानं पट्ट्यांच्या फटींत भरलेली जास्तीची लांबी पुसत होती. ताईबाई विहारात आली, कुणाशी न बोलता खिडकीजवळ गेली आणि त्या काचेला डोळा लावला. तिला जवळचं धूसर दिसायला लागून बारा वर्षं झाली होती. शिबिराला चल म्हटलं की म्हणायची, "मला काय वाचायचंय?" गहू निवडायचे तेसुद्धा अंदाजानं.

"बाई गं!" ती एकदम ओरडली. "ह्ये हात तुझं?"

तेजश्रीनं हात मागं घेतले. मनगटापासून बोटांपर्यंत जुने भाजल्याचे डाग होते. चटका बसला की ती घरी हळदीचा डाग म्हणून सांगायची, आणि आईला ते खरं वाटायचं.

"शिकतानाचं हाय, आई. आता दुखत न्हाई."

"तुझ्या आबांनी बघितलं व्हतं?"

"व्हय. रोज मलम लावायचे. आईला सांगू नगं म्हणायचे, ती तुझं शिकणं बंद करंल."

ताईबाईच्या गालावरनं पाणी ओघळत होतं. तिनं काचेपासून डोळा काढला नाही.

"पुढं कर ते हात," ती म्हणाली. "दोन्ही."