इसोगाईंनी मला सुरात आणलं

मी माउथऑर्गन बोलतोय. दचकू नका. आमच्या हामामात्सु गावात वाद्यं बोलतात, माणसंच मनातलं बोलत नाहीत.

माझा जन्म इथल्याच एका कारखान्यात झाला. प्रत्येक सुरासाठी माझ्या पोटात दोन पितळी पत्त्या बसवल्या, एक वर, एक खाली, आणि त्याही मुद्दाम एकमेकींशी किंचित न जुळणाऱ्या. दोघी एकदम वाजल्या की सूर हलतो, थरथरतो. ही थरथर म्हणजेच मी. ज्या घरात नवरा-बायकोचं अगदी तंतोतंत पटतं, तिथे शांतता असते, पण शेजाऱ्यांना ऐकण्यासारखं काही उरत नाही. माझंही तसंच आहे.

कान्झाकीबाई बँकेतून निवृत्त झाल्या तेव्हा फुलदाणी द्यावी की मला, यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन बैठका घेतल्या. फुलदाणी हरली. तेव्हापासून दर गुरुवारी मी वस्तीच्या सभागृहात जातो. तिथे निवृत्त मंडळी माउथऑर्गन शिकतात. म्हणजे आधी चहा पितात, तांदळाची कुरकुरीत बिस्किटं खातात आणि मग त्यांचा सगळा भुगा आमच्या पोटात फुंकतात. वाजवून झालं की आम्हाला तळहातावर आपटून थुंकी झटकायची असते, एवढंही कुणाच्या लक्षात राहत नाही. मग सूर अडकला की दोष आमचा.

कान्झाकीबाई मात्र मला झटकायच्या, पुसायच्या, डबीत ठेवायच्या. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांचा श्वास थरथरू लागला. हात थरथरला तर रुमालाखाली लपवता येतो. श्वास कुठे लपवायचा? त्यांनी तो माझ्यात लपवला. त्यांची थरथर माझ्या थरथरीत मिसळून जाई आणि शिकवणारे मोमोसे सेन्सेई मान डोलावून म्हणत, "काय भाव आहे हो यांच्या वाजवण्यात!" त्या भावापायी शरद महोत्सवात एकटीने वाजवायचा मान त्यांना मिळाला. बाई पोरीसारख्या खुलल्या. त्यांचं गुपित मला एकट्याला ठाऊक होतं.

अशात आमच्यात इसोगाई आले. जन्मभर पियानोचे सूर लावलेला माणूस. कान असा की शेजारच्या गल्लीतली सायकलची घंटी बेसूर वाजली तरी यांना जेवण जात नसे. आता निवृत्त, विधुर आणि जवळजवळ रिकामे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे ते एकेकाचा बाजा उघडत सुटले. कुणाच्या पत्तीखालचा बिस्किटाचा कण काढला, कुणाचा ढिला स्क्रू आवळला. तिथवर ठीक होतं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. खरं तर ती कान्झाकीबाईंवर पडली होती, पण या वयात मध्ये काहीतरी निमित्त लागतं.

"द्या की, जरा बघतो," ते म्हणाले.

"छे, तुम्हाला कशाला त्रास!" बाई म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. आमच्याकडे 'त्रास कशाला' याचा अर्थ 'नको' असा होतो. अडचण एवढीच की 'हो' म्हणायचं असलं तरी आधी तेच म्हणावं लागतं. इसोगाईंनी सोयीचा अर्थ घेतला आणि मला खिशात घातलं.

घरी त्यांनी माझी पितळी पाठ उघडली, मऊ कुंचल्याने मला स्वच्छ केलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी एकेक पत्ती वाजवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरेरे! एक पत्ती दुसरीशी जुळत नाही. बिचारी वर्षानुवर्षं असंच वाजवतेय!"

पियानोत एका सुराच्या तीन तारा असतात आणि त्यांच्यात केसाएवढा फरक राहिला तर ती लावणाऱ्याची नाचक्की. माझ्या जातीत थोडी थरथर असते हे त्यांनी ऐकलं होतं, पण एवढी म्हणजे वयाचा परिणाम असं त्यांनी ठरवलं. पत्तीचं टोक खरवडलं की सूर चढतो, बूड खरवडलं की उतरतो. टोक, बूड, टोक, बूड करत त्यांनी माझ्या सगळ्या जोड्या एकजीव केल्या. करायला गेले काय आणि झालं काय!

रंगीत रुमालात गुंडाळून, वर संत्र्यांची पिशवी ठेवून त्यांनी मला परत केलं. बाईंनी सर्वांसमोर फुंकलं. माझा सूर काठीसारखा सरळ आला आणि त्या सरळ सुरावर बाईंचा श्वास एकटाच, उघडा, थरथरत राहिला. सगळ्यांना ऐकू आलं.

"वा! किती स्वच्छ!" सगळे म्हणाले. सभ्यतेचा कहर म्हणतात तो हा.

बाईंनी वाकून आभार मानले, संत्र्यांच्या बदल्यात मिठाईचा डबा पाठवला आणि गुडघा दुखतो सांगून येणं बंद केलं. महोत्सवातलं नाव काढून घ्या, असंही कळवलं. माझी रवानगी जुन्या बॅटऱ्यांच्या खणात झाली.

काही दिवसांनी इसोगाई गुडघ्याला लावायच्या पट्ट्या घेऊन दारात हजर.

"गुडघा कसा आहे आता?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय!" बाई कडाडल्या. इतक्या वर्षांत त्यांचा हा सूर मीही ऐकला नव्हता. "माझा श्वास कापतो, इसोगाई-सान. त्या बाज्यात तो खपून जायचा. तुम्ही बाजा सरळ केलात आणि मी चारचौघांत उघडी पडले. झालं समाधान?"

"मग तेव्हाच 'नको' असं का नाही म्हणालात?"

"तीन वेळा म्हटलं, त्रास कशाला!"

"मला वाटलं, संकोच करताय."

"मग खरंच नको असेल तेव्हा माणसाने म्हणायचं तरी काय?"

याचं उत्तर अख्ख्या जपानात कुणाकडे नाही. इसोगाईंनी पट्ट्या खाली ठेवल्या. "द्या तो बाजा."

"आता आणखी काय सुधारणार?"

"सुधारत नाही. बिघडवतो."

ते बैठ्या मेजाशी बसले. आधी त्यांनी बाईंना नुसता श्वास सोडायला लावला आणि त्या कापऱ्या श्वासाच्या लयीत बोटाने मेजावर ठेका धरला. मग माझी एकेक जोडी त्याच ठेक्यात थरथरेल अशी बिघडवत गेले. खरवडलेलं पितळ परत येत नाही. हात जरा जड पडला असता तर पत्ती मोडून मी कायमचा मुका झालो असतो. बेसूर कानावर पडला की त्यांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा होई, पण हात थांबले नाहीत. शेवटी बाईंनी फुंकलं. कुठे त्या संपतात आणि कुठे मी सुरू होतो, मलाही कळेना. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझं नाव परत घालायला सांगा."

महोत्सवात आम्ही वाजवलं आणि लोक गप्प बसून ऐकत राहिले. नंतर चहाच्या खोलीत इसोगाईंचा जुना शिष्य नागाकुरा आला. हल्ली गावातले मोठे पियानो तोच लावतो. चारजणांत मोठ्याने म्हणाला, "गुरुजी, अशा बाज्यात थोडी थरथर असते हे मलाही ठाऊक आहे, पण एवढी? तुमच्यासारखा कान शेजारी असताना?"

बाईंच्या हातातली किटली तिथेच थांबली.

"काय करणार, नागाकुरा," इसोगाई म्हणाले. "कान गेले माझे. हल्ली नीट ऐकूच येत नाही."

आमच्या गावात बातमीला पाय फुटतात. इसोगाई बहिरे झाले हे आठवड्यात सर्वतोमुखी झालं आणि अधूनमधून पियानो लावायला बोलवायचे तेही लोक बोलवेनासे झाले. मी त्यांना एवढी नावं ठेवली, पण त्या दिवसापासून जीभ जरा आवरतो.

बाईंचा कंप वाढतोय, तशा माझ्या पत्त्या पुन्हा थोड्या खरवडाव्या लागतात. फार पितळ उरलेलं नाही. तुम्ही कधी आमच्या गल्लीतून गेलात आणि माझा सूर ऐकून तो नीट करायला तुमचे हात शिवशिवले, तर कृपा करा, पुढे चालू लागा. आत एक बहिरा माणूस बसलेला असतो आणि त्याला सगळं ऐकू येतं.