नारळ कोण फोडणार

माझी बायको रूपाली गेल्याचं कळलं तेव्हा मी आर्वीजवळच्या एका शेतात सोलर पंपाच्या पॅनलचे बोल्ट आवळत होतो. सकाळी ती फोनवर म्हणाली होती, ताप उतरला. दुपारी तिच्या भावाचा, सचिनचा फोन आला. "भाऊजी, दवाखान्यात या," एवढंच बोलला आणि रडायला लागला.

आमचा पंप बसवायचा धंदा. अवजारं माझ्याकडे, फोन आणि कॉम्प्युटर तिच्याकडे. कामाच्या सॉफ्टवेअरमधले तयार रकाने आमच्या उपयोगाचे नव्हते. तिने आपले बनवले. विहिरीची खोली, वावरापर्यंत गाडी जाते का, आणि शेवटी 'नारळ कोण फोडणार'. एकदा पंप सुरू करताना आमच्या मिस्त्रीनेच नारळ फोडला आणि त्या घरचा म्हातारा जेवला नाही. तेव्हापासून ती आधी फोन करून विचारायची. तो रकाना भरल्याशिवाय काम पूर्ण दाखवता येत नसे.

तेरवी झाल्यावर भागीदार योगेंद्र म्हणाला, "अंकुश, तो नारळाचा रकाना काढून टाकू. आता कोण फोन करत बसन?"

"काढला तर तिनं भरलेली सारी नावं जातीन."

"मंग तू भर."

त्याने आदल्या दिवशी टाकलेलं वडनेरचं काम मी उघडलं. रकान्यात 'वच्छलाबाई' लिहिलेलं होतं.

"तू भरलं?"

"मी कायले भरू? अन् वैनीचं लॉगिन तर मीच बंद केलं."

त्याच दुपारी वडनेरला पंप सुरू झाला. शेतकरी तानबा नारळ घेऊन पुढे आला.

"वच्छलाबाई कोण?" मी विचारलं.

तो थबकला. "माही माय. म्हणे, मले फोडू दे. मी म्हटलं, विधवा बाईचा हात शुभ कामाले लागत नाई. तुमाले कोणं सांगतलं?"

वावराच्या कडेला धुऱ्यावर बसलेली म्हातारी हसली. "तुमच्या हापिसातल्या बाईचा फोन आलता ना. लय गोड बोलते. म्हणे, आजी, तुमीच फोडजा."

"कधी आलता?"

"काल."

योगेंद्र खाली मान घालून वायर गुंडाळत राहिला. नारळ म्हातारीनेच फोडला. त्यानंतर रकाना काढायचं योगेंद्रने नाव घेतलं नाही.

आमच्या स्वतःच्या विहिरीवर पंप नव्हता. "लोकायच्या वावरात पाणी, अन् आपल्या विहिरीवर दोर-बादली!" रूपाली टोमणा मारायची. वडनेरहून आल्यावर मी तिथे पंप बसवला आणि सॉफ्टवेअरमध्ये आमचं काम टाकलं. रकान्यात माझं नाव लिहून सेव्ह केलं. पुन्हा उघडलं तर तिथे 'रूपाली' होतं.

"तू फोडून टाक ना बाप्पा," योगेंद्र म्हणाला. "कोण पाह्यते?"



पंप चालतो, पाणी येतं. नारळ विहिरीच्या काठावर ठेवला आहे. तो फोडायचा राहिला आहे.