आधी कडं, मग घाम

सायकल दुकानाच्या माडीवर व्यायामाच्या सहा सायकली होत्या. एकही तसूभर पुढे जात नव्हती. गर्दी मात्र जिन्यापर्यंत पोचली होती. कडेबाबांची रीत ठरलेली. आधी पाच मिनिटं रिकाम्या मनगटानं पेडल मारायचं, मग तांब्याचं कडं चढवून आणखी पाच. भार तोच, वेग तोच, तरी प्रत्येक भक्त म्हणायचा, "हलकं झालं हो."

"प्राण मनगटातून मांडीत उतरतो," बाबा सांगत, "मांडीतून पेडलमध्ये." तिथून पुढे तो कुठे जातो, हे कुणी विचारत नसे.

आज गर्दीत आलेल्या नर्सबाईंना हसूच आलं असतं. पण त्यांच्या थोरल्या भावानं, सायकलवरून टपाल वाटणाऱ्या दादानं, कडं घातल्यापासून हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या.

"अगं, मला स्वतःला हलकं वाटलं," दादा म्हणाला. "मी काय खोटं बोलतोय?"

"वाटलं ते खरंच. का वाटलं, ते बघू. आज कडं आधी."

"उलट केलं की प्राण रुसतो," बाबा घाईनं म्हणाले.

"रुसला तर मी समजूत काढीन."

दादा सायकलीकडे सरकला. बाईंनी त्याची कॉलर धरली. "तू नाही. आधी गोळी, मग गमजा."

कडं घालून बसला बाबांचा पट्टशिष्य, बेकरीवाला. दर मिनिटाला बाईंचा एकच प्रश्न: दहापैकी किती जड?

"सहा." मग धापा टाकत, "सात." पाचव्या मिनिटाला कडं उतरवलं. "पाच," तो म्हणाला, आणि जरा ओशाळून, "चार."

"म्हणजे गुण काढण्यात आहे," मागून शिंपीणकाकू म्हणाल्या. "बाबा, नुसतं काढायचंच शिकवा की."

माडी हसली. नर्सबाई म्हणाल्या, "पाय लगेच कामाला लागतात, श्वास आणि हृदय मागून पोचतात. तोवर जड. ते पोचले की हलकं. आणि बाबा दहा मिनिटांतच सायकलवरून का उतरवतात, तेही बघा. चालवत राहा, शेठ. कडं घाला परत."

पंखा बंद, अंगाला धारा, नाडी चढलेली. चाळिसाव्या मिनिटाला, कडं हातात असूनही, बेकरीवाला म्हणाला, "आठ. उतरू का आता?"

बाबा त्याआधीच जिना उतरले होते, आणि तेही चांगले हलक्या पायांनी.

दादानं आपलं कडं काढून खिडकीत ठेवलं आणि बहिणीपुढे तळहात पसरला. "दे गोळी. बोलू नकोस फक्त."

बाईंनी त्यावर नुसती गोळी ठेवली. म्हणून आपणच सांगतो: अनुभव खरा असतो, त्याला चिकटवलेलं कारण खरं असेलच असं नाही. हात जोडण्याआधी एकदा क्रम उलटा करून बघावा.