फाटकासमोरच्या आरशाची कैफियत

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. पण भांग पाडायचा असेल तर कृपा करून दुसरीकडे जा. मी घरातला आरसा नाही. एका सात मजली इमारतीच्या फाटकासमोर, फुटपाथच्या कडेला, लोखंडी खांबावर मी उभा आहे. आकार गोल, पोट पुढे आलेले, कडेने नारिंगी पट्टा. इमारतीच्या तळघरात पार्किंग आहे. तिथून गाड्या चढाने वर येतात, फाटकातून बाहेर पडतात आणि फुटपाथ ओलांडून रस्त्याला लागतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत. त्यामुळे गाडीवाल्याला फुटपाथवरचा माणूस दिसत नाही आणि चालणाऱ्याला चढावरची गाडी दिसत नाही. दोघांना एकमेकांचे दर्शन घडवायचे, एवढेच माझे काम. बारा वर्षे मी ते करतो आहे आणि जवळजवळ बारा वर्षे मी वैतागलेलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचा जाड पत्रा तापवून त्यांनी मला फुगवला आणि मागून चांदीसारखा मुलामा दिला. शेवटी एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी दोन्ही हात लांब पसरले आणि दोन्ही हातांची बोटे माझ्यात दिसतात का ते पाहिले. मग शेजारणीला म्हणाल्या, "हा चांगला निघाला गं. कोपऱ्यातलंही बघतो." त्या एका वाक्याने माझा ऊर भरून आला. कोपऱ्यातले बघणारा म्हणून मी जगात निघालो. मला काय ठाऊक, की माझ्यात कोणी बघणारच नाही?

मला या इमारतीत आणले ते तळमजल्यावरच्या सिस्टरनी. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. चौतीस वर्षे त्यांनी अपघात विभागात काढली. त्यांचे नाव काय ते इमारतीत कोणालाच आठवत नाही. सगळे सिस्टर म्हणतात आणि जरा घाबरूनच म्हणतात. फाटकाशी आरसा हवा, असे त्यांनी इमारतीच्या सभेत मांडले तेव्हा लोकांनी नेहमीप्रमाणे जांभया दिल्या. मग त्यांनी सांगितले, की अपघात विभागात त्यांना सर्वांत जड गेले ते हमरस्त्यावरचे जखमी नव्हेत. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या काकाच्या किंवा बापाच्या गाडीखाली आलेली पोरे. त्या बापांच्या तोंडाकडे बघवत नसे, म्हणाल्या. जांभया थांबल्या. आरसा मंजूर झाला. त्यानंतर माझ्या कडेचा पट्टा नारिंगी असावा की पिवळा, यावर मात्र तीन रविवार चर्चा झाली.

पहिले काही दिवस माझे फार कौतुक झाले. गाड्या चढावर थांबत, चालक मान वर करून माझ्याकडे बघत, चालणारेही पाऊल आखडते घेत. मग कौतुक ओसरले. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ टाय नीट करायला माझ्यासमोर उभे राहू लागले. दोन मैत्रिणी रोज ओठ रंगवायला थांबत, त्याही नेमक्या गाडीच्या वाटेत. मित्रांनो, मागून गाडी येते आहे हे माझ्यात चांगले दिसत असते. पण ज्याला फक्त स्वतःचे नाक बघायचे आहे त्याला मी काय दाखवणार?

त्यात आमचे अध्यक्ष. सज्जन माणूस, पण झाडांच्या पायी माणसे विसरणारा. उघडा खांब बरा दिसत नाही म्हणून त्यांनी माझ्या बुडाशी एक वेल लावली. दोन वर्षांत ती माझ्या डाव्या अंगावर चढली आणि अर्धा फुटपाथ माझ्यात दिसेनासा झाला. चालणाऱ्यांसाठी इमारतीला एक छोटे फाटक होते, त्याच्यापुढे अध्यक्षांनी अकरा कुंड्या मांडल्या. झाले. आता लहानथोर सगळे गाड्यांच्याच चढावरून ये-जा करू लागले. सिस्टरनी कुंड्या हलवायला सांगितल्या. ऊन तिथेच चांगले येते, असे उत्तर मिळाले.

पहारेकऱ्याकडे शिट्टी होती. तो ती फक्त पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वाजवी. इमारतीतल्या लोकांसाठी वाजवली की ते खेकसत, असे त्याने एकदा सिस्टरना सांगितले. खेकसणाऱ्यांत पहिले होते दुसऱ्या मजल्यावरचे औषध दुकानदार.

त्यांच्याबद्दल जरा नीट सांगायला हवे. माणूस वाईट नाही. गिऱ्हाइकाला गोळ्या देताना तारीख तीनदा वाचणारा. पण गाडीत बसला की त्याचे सगळे भान दुकानात जाई. संध्याकाळी येताना घाईत गाडी नाकासमोर तळघरात घुसवायची आणि सकाळी तशीच उलटी चढावरून बाहेर काढायची, ही त्यांची रीत. सिस्टर त्यांना म्हणायच्या, संध्याकाळीच गाडी वळवून लाव, म्हणजे सकाळी तोंड बाहेरच्या बाजूला राहील. त्यावर ते हसून सांगत, की आपली गाडी मागे काही असले की स्वतःच बीप बीप करते. पुढे तो आवाज भिंतीला नि वेलीच्या पानांनाही ओरडतो म्हणून त्यांनी तो बंद करून टाकला, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितले नाही.

त्यांची बायको एका कार्यालयात हिशेबनीस होती. ती सकाळी लेकीला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायची. एका हातात लेक, दुसऱ्या हातात फोन. लेक चार वर्षांची, गोल आणि बुटकी, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. फोनवर काही महत्त्वाचे निघाले की आईच्या हातून लेकीचा हात सुटे. सिस्टर खिडकीतून हाक मारत, "अगं, हात धर तिचा." आई मान डोलवी आणि बोलत राही.

मग माझ्यावरच संक्रांत आली. कोणाचे तरी सामान घेऊन आलेला ट्रक वळताना माझ्या खांबाला घासला. मी फुटलो नाही, पण माझी मान मागे गेली आणि तोंड आकाशाकडे झाले. आता मला ना फाटक दिसे, ना फुटपाथ. दिवसभर ढग. कबुतरांनी तर मला ताटच समजायला सुरुवात केली.

मला सरळ करायला एक शिडी, एक पान्हा आणि पाच मिनिटे लागली असती. पहारेकरी म्हणाला, शिडीच्या खोलीची किल्ली अध्यक्षांकडे आहे. अध्यक्ष म्हणाले, नट गंजला आहे, ते वेल्डरचे काम. वेल्डर म्हणाला, लेखी कळवा. लेखी कळवायला सभा हवी आणि सभेला माणसे जमेनात. सिस्टरनी चार अर्ज दिले. इमारतीत पंचेचाळीस गाड्या, दीडशे माणसे आणि त्यातल्या एकाच्याही हातून पाच मिनिटे सुटेनात. मित्रांनो, मला राग येत नसेल का?

शेवटी सिस्टर रोज सकाळी घरातून लांब दांड्याचा झाडू घेऊन यायच्या आणि खालून मला ढोसत राहायच्या. वय त्र्याहत्तर. मी तसूभर हले आणि पुन्हा मागे जाई.

त्या सकाळीही त्या मला ढोसत होत्या. पुढचे मी पाहिलेले नाही, कारण मी ढग बघत होतो. मी ऐकले तेवढेच सांगतो. तळघरातून औषध दुकानदारांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. चढावर बटणच्या आईचा आवाज ऐकू आला; ती फोनवर कोणाला तरी आकडे सांगत फाटकातून बाहेर पडली. तिच्या मागे बारक्या पावलांचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. बुटाचा पट्टा सुटला म्हणून बटण चढाच्या मध्येच खाली बसली होती, हे मला नंतर कळले. गाडीच्या मागच्या काचेतून एवढेसे बसलेले मूल दिसत नाही.

एकाएकी झाडूचे ढोसणे थांबले. दांडा फरशीवर आपटला. चपला धावल्या. पत्र्यावर तळहाताचे दोन जोरदार फटके बसले, मुलीची किंकाळी ऐकू आली, ब्रेक करकचले. मग काहीच नाही. ते काहीच नाही किती वेळ होते कोण जाणे. माझ्यात त्या वेळी एक पांढरा ढग होता आणि मला तो फोडून खाली बघावेसे वाटत होते.

मग सिस्टरचा आवाज आला. अगदी शांत. वॉर्डात बोलत असाव्यात तसा.

"पोर माझ्याकडे आहे. तिला काही झालेलं नाही. माझा पाय चाकाखाली आहे. गाडी पुढे घे, हळू."

गाडी पुढे गेली. त्यानंतर मात्र सिस्टर कण्हल्या.

पायाची तीन हाडे मोडली होती. अकरा दिवसांनी त्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून घरी आल्या आणि त्याच संध्याकाळी, त्यांना चालवत नाही म्हणून, फाटकाच्या आत खुर्च्या मांडून सभा झाली. इतके दिवस जमत नसलेली माणसे आता झाडून सारी जमली. मला वाटले, आता तरी यांना शहाणपण सुचेल.

कसले काय. एक म्हणाला, मुलीला एकटे सोडायला नको होते. दुसरा म्हणाला, पहारेकऱ्याने शिट्टी का वाजवली नाही. बटणच्या आईने नवऱ्याला सुनावले, की तू मागे न बघता गाडी काढलीस. त्याने तिला सुनावले, की तू फोनवर होतीस. अध्यक्षांनी तर कळस केला. आरसा असूनही अपघात झाला, तेव्हा आरशाचा उपयोग नाही हे सिद्ध होते, तो काढून टाकावा आणि खांबावर वेल पूर्ण चढू द्यावी, असा ठराव त्यांनी मांडला. मी आकाशाकडे तोंड करून हे ऐकत होतो. मित्रांनो, आरशाला हात असते तर मी कपाळ बडवून घेतले असते.

तेवढ्यात औषध दुकानदारांची खुर्ची मागे सरकली. ते उभे राहिले असावेत. मग म्हणाले, "आरसा वाकडा आहे, हे मला आज कळतंय. पाच महिने तो तसाच आहे म्हणता. मी रोज त्याच्यासमोरून जातो. तो सरळ असता तरी मी बघितलं नसतं." बीप बंद केल्याचेही त्यांनी सांगून टाकले. मग बटणच्या आईने हळूच म्हटले, की लेकीचा हात आपणच सोडला होता.

सभा तिथेच मोडली, कारण दुकानदार शिडीच्या खोलीकडे निघाले होते. अध्यक्षांनी मुकाट्याने किल्ली काढून दिली. नट खरोखरच गंजला होता. दुकानदारांनी त्यात तेल सोडले, पान्ह्याला लोंबकळले, बोटे सोलवटून घेतली. नंतर कात्रीने वेल छाटली. अध्यक्षांनी सुस्कारा सोडला, पण अडवले नाही.

माझी मान खाली आली आणि पाच महिन्यांनी मला माणसे दिसली. आधी सिस्टर दिसल्या. खुर्चीवर बसलेल्या, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर, अंगाने कितीतरी वाळलेल्या. त्यांच्या मांडीला टेकून बटण उभी होती आणि प्लास्टरवर पेनने रेघोट्या मारत होती. दुकानदार शिडीवरून उतरून हात पुसत त्यांच्यापुढे उभे राहिले. माफी मागणार होते बहुधा.

सिस्टर म्हणाल्या, "आरसा सरळ केलास, बरं झालं. आता बघशील ना त्यात?"

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बघेन, सिस्टर."

आता त्याला आठ महिने झाले. सगळे सुधारले असे सांगितले तर ते खोटे ठरेल आणि खोटे दाखवणे मला जमत नाही. कुंड्या हलल्या, छोटे फाटक उघडले. तरी निम्मे लोक चार पावले वाचवायला अजून चढावरूनच येतात. कानात गाणी घालून फाटकासमोरून जाणारे तसेच आहेत. चढावर वेग न आवरणारेही तसेच. पहारेकरी आता सगळ्यांसाठी शिट्टी वाजवतो, आणि खेकसणारे खेकसतात. दुकानदार मात्र गाडी संध्याकाळीच वळवून लावतात. सकाळी आधी गाडीभोवती एक फेरी मारतात, फाटकाशी थांबतात, माझ्याकडे बघतात. त्यांची बायको फोन पिशवीत टाकल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. सिस्टर लंगडतात. ते आता कायमचे.

माझा मुलामा कडेने उडायला लागला आहे. अजून दोन-तीन वर्षे, मग दुसरा आरसा येईल. त्याच्यासाठी तरी ऐका. मला पुसा, माझ्यावरची पाने काढा, मान वाकडी झाली तर सरळ करा. पण एवढे करूनही मी फक्त दाखवू शकतो. थांबणे माझ्या हातात नाही, मित्रांनो. थांबायला पाय लागतो. तो गाडीतल्यालाही आहे आणि चालणाऱ्यालाही.