झाकलेली खिरापत

चित्राची आधी पाठ पाहायची, तोंड मग, असा अनुपमाबाईंचा शिरस्ता होता. तोंडाला रंगरंगोटी सगळेच करतात, पाठ मात्र सहसा खोटं बोलत नाही, हे त्या विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवत आल्या. अमरावतीच्या कला महाविद्यालयातून बाई निवृत्त झाल्या, त्यांची नजर काही झाली नाही. विदर्भातलं एखादं चित्र मुंबईत लिलावाला आलं, की ते खरंच कुणाचं, कितपत दुरुस्त केलेलं आणि काय किमतीचं, हे सांगायला त्यांनाच बोलावणं येई. बाई तशा फटकळ. एका माजी मंत्र्यांच्या दिवाणखान्यातल्या चित्रापुढे उभं राहून "याचं फडकं करा, निदान काच तरी पुसता येईल," असं त्या म्हणाल्या होत्या. मंत्र्यांनी तेव्हापासून त्यांना चहाला बोलावलेलं नाही.

अकोल्याच्या एका कापूस जिनिंगवाल्या शेटजींच्या नातवांनी आजोबांचा संग्रह विकायला काढला, तेव्हाही तसाच फोन आला. सकाळी गाडी दारात लागली. बापूसाहेबांनी बाईंचं भिंग मऊ कापडात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं, पाण्याची बाटली दिली आणि मूर्तिजापूरपर्यंत रस्ता खराब आहे, हळू चालव, असं ड्रायव्हरला दोनदा बजावलं. बापूसाहेब म्हणजे बाईंचे यजमान, अमरावतीतले जुने वकील. पेशात कठोर, घरात लोण्याहून मऊ. बायकोचं कौतुक असावं तर पांढरीपांडे वकिलांसारखं, असं गल्लीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना ऐकवत.

"कुणाची चित्रं आहेत?" त्यांनी विचारलं.

"लिलावाआधी सांगायचं नसतं, माहीत आहे ना?"

"अगं, आम्ही वकील आहोत. पोटात ठेवायचीच फी घेत आलो," ते हसले.

शेटजींच्या हॉलमध्ये चित्रं भिंतीकडे तोंड करून मांडून ठेवली होती. बाईंनी तशी अटच घातली होती. लिलावगृहाची जुईली हातात टॅबलेट घेऊन मागेमागे फिरत होती. पोरगी पुण्याची, हुशार, पण प्रत्येक चित्राला "सुंदर" म्हणायची तिला खोड. पहिल्या चित्राला बुरशी लागलेली निघाली. दुसऱ्याचं कापड चित्रकाराच्या मरणानंतर विणलेलं दिसत होतं. "हा माणूस वर जाऊनही मेहनत करून राहिला," असं म्हणून बाईंनी ते बाजूला काढलं. पुढची दोन ठीक होती. मग त्या पाचव्या चित्राच्या पाठीशी आल्या आणि थांबल्या.

मांजरपाटाचं कापड. देवदारच्या पट्ट्यांची ओबडधोबड चौकट. आणि डाव्या कोपऱ्याला कापडाची बोटभर चीर निळ्या दोऱ्यानं रफू केलेली.

तो निळा दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला होता. रफू करताना सुई बोटात घुसली होती, तेही बाईंना आठवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला! चित्र सुलटं करण्याआधीच त्यांना कळलं होतं, की हे आपलं आहे. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसलेली मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, पुढे फ्रॉकमधल्या पोरींच्या पाठमोऱ्या वेण्या आणि मधोमध झाकण घातलेला पितळी डबा. रंग अजून तसेच ताजे. फक्त जिथं 'अनुपमा' लिहिलं होतं, तिथं मातकट रंगाचा एक हात फिरला होता आणि त्याच्यावर शेंदरी अक्षरांत सही होती, 'चंद्रभान'.

"आमच्या लिलावाचं मुख्य आकर्षण आहे हे, मॅडम," जुईली म्हणाली. "याच चित्रावर त्यांना राज्य पुरस्कार आणि मुंबईची शिष्यवृत्ती मिळाली होती. सुंदर आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

ते चित्र त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी काढलं होतं. राज्य प्रदर्शनाला पाठवायचं होतं. पार्सल करायला बापूसाहेब स्वतः घेऊन गेले होते. महिनाभरानं तेच खाली मान घालून घरी आले. प्रदर्शनाच्या गोदामात पाणी शिरलं, पुष्कळ चित्रं कुजली, त्यात तुझंही गेलं, म्हणाले. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं घास भरवला होता. नंतर ब्रश हातात घेतला, की कुजलेलं कापड डोळ्यांपुढे यायचं. बाईंनी हळूहळू चित्रं काढणं सोडलं आणि दुसऱ्यांना शिकवायला घेतलं. त्याच प्रदर्शनात तेल्हाऱ्याच्या चंद्रभानला, त्यांच्या वर्गमित्राला, एका शेतकऱ्याच्या पोराला, बक्षीस मिळाल्याची बातमी आली, तेव्हा त्याला पेढे बाईंनीच दिले होते. चित्र मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. ते प्रदर्शनातून थेट या शेटजींच्या घरी आलं आणि इथंच, अमरावतीपासून दोन तासांवर, सगळा काळ भिंतीवर लटकत राहिलं.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हा चोर त्यांना ताई म्हणायचा. दर दिवाळीला घरी यायचा, चकल्या हाणायचा. गोदामातून उचललं असेल मेल्यानं, पाण्याचा बोभाटा झाला त्याचा फायदा घेतला असेल.

"मॅडम, एक गंमत दाखवू?" जुईलीनं टॅबलेट पुढे धरला. "रंगाच्या आतलं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यानं मधल्या भागाचा फोटो काढलाय. हा डबा बघा. झाकणाखाली काहीतरी रंगवलंय आणि मग झाकून टाकलंय. आम्हाला काही कळत नाही. बटणं आहेत का ही? खडे?"

बाईंनी फोटो पाहिला आणि त्यांना एकदम हत्यार सापडल्यासारखं झालं.

"चित्रकार येणार आहेत ना आज? त्यांना हा फोटो दाखवला?"

"नाही. दुपारी येतील, ओळख पटवून सही द्यायला."

"मग दाखवू नकोस. त्यांना मी विचारते. ज्यानं चित्र काढलं त्यालाच डब्यातलं ठाऊक असेल."

भुलाबाईचा खेळच तो. घरोघरी गाणी म्हणून झाली, की ज्या घरची भुलाबाई त्या घरची पोर झाकलेला डबा आणते आणि बाकीच्यांनी खिरापत ओळखायची. गोड की तिखट, ओली की सुकी, असं विचारत विचारत. ओळखता आली नाही तर घरधनीण पोरीचा मान मोठा. अनुपमा बाळापूरला हातवळणे मास्तरांच्या घरी वाढली. एका वर्षी आई आजारी, घरात करायला काही नाही, आणि पोरी तर दारात आलेल्या. तेव्हा तिनं चुलीवर चिंचोके भाजले आणि डब्यात घातले. कुणालाच ओळखता आले नाहीत. झाकण उघडल्यावर पोरी जे हसल्या ते ती विसरली नव्हती. म्हणून चित्रातल्या डब्यातही तिनं आधी चिंचोके रंगवले आणि मग वरून झाकण रंगवलं. ही गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली होती.

दुपारी चंद्रभान आला. पांढरी दाढी, खादीचा झब्बा, काठी. बाईंना पाहून त्याचा चेहरा उतरला, आणि बाईंना ते पाहून बरं वाटलं.

"ताई, तुमी? मले कोणी सांगतलंच नाई."

"बस, चंद्रभान. हे चित्र तू काढलंस?"

तो चित्राकडे न पाहता म्हणाला, "माह्यं नाव हाय ना त्याच्यावर."

"नावाचं नाही विचारत. डबा दिसतो ना? ओळख खिरापत."

जुईलीनं टॅबलेट छातीशी धरला. आता अडकला, बाईंना वाटलं. लाडू म्हणेल, करंजी म्हणेल, आणि मग या पोरीसमोर त्याचं पुरस्कारबिरस्कार सगळं उतरवून ठेवते.

चंद्रभाननं आता पहिल्यांदा चित्राकडे पाहिलं.

"चिचोके," तो म्हणाला. "भाजलेले."

"ओ माय गॉड, बिया!" जुईली टॅबलेट बघून ओरडली. "अगदी बरोबर! मॅडम, आता शंकाच नाही. याहून मोठा पुरावा कुठला असणार?"

पुरावा होता खरा. पण तो कशाचा, हे त्या खोलीत दोघांनाच कळलं होतं. त्यांनी जुईलीला चहाचं पाहायला पाठवलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"काहून इचारता, ताई? तुमाले मालूम हाय."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

चंद्रभाननं काठी खाली ठेवली. "बापूसाहेबाईनं देल्लं मले. माह्यं चित्र घेऊन मी मुंबईले जाऊन रायलो होतो. ते पार्सल घेऊन टेशनावर आले. मने, तिले बक्षीस भेटलं तं ती दोन वर्सं मुंबईले जाईन, घर मोडन. वापस नेलं तं मले जाब इचारन. तू ने, तुह्यं नाव टाक. मी नाई मनलं, ताई, देवाची आन. पण मंग टाकलं. गरिबी होती, अन् चित्र लय चांगलं होतं."

"आणि चिंचोके?"

"ते बी त्याईनंच सांगतलं. मने, कोणी इचारलं तं सांगता आलं पायजे."

चंद्रभानवरचा राग बाईंच्या मनात सकाळपासून तापत होता. तो आता कुठल्या कुठे गेला. चोर तो चोरच, पण परका. इथं कुंपणानंच शेत खाल्लं होतं. चित्र दिलं ते दिलं. पण आजारी आईच्या घरातली, डोळ्यांत पाणी आणून कुशीत सांगितलेली ती गोष्ट, तीसुद्धा बापूसाहेबांनी पार्सलला दोरी बांधावी तशी बरोबर बांधून दिली होती. आणि मग घरी येऊन घास भरवला होता.

"अहवाल संध्याकाळी सांगते," त्या जुईलीला म्हणाल्या आणि चहा न घेता निघाल्या.

बापूसाहेब व्हरांड्यात वाटच पाहत होते. गाडीचं दार त्यांनीच उघडलं. "फार दमलीस. आत चल, भाकरी गरम आहे."

बाई खुर्चीत बसल्या. घरी येईपर्यंत त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. शेवटी त्यांनी साधंच विचारलं.

"माझं ते भुलाबाईचं चित्र आठवतं?"

"पाण्यात गेलं ते?" बापूसाहेबांचा स्वर हळवा झाला. "आजही वाईट वाटतं गं."

"त्या डब्यात काय होतं, सांगा बरं."

बापूसाहेबांचा चेहरा खुलला. बायकोनं घेतलेल्या परीक्षेत पास झाल्याचा आनंद होता तो. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "चिंचोके! विसरेन होय? आपल्या दोघांतली गोष्ट ती. आजतागायत कुणाला बोललो नाही मी."

बाईंना त्या क्षणापर्यंत कुठेतरी वाटत होतं, की तो माणूस कबुली देईल. रडेल, हात जोडेल, तेव्हाची आपली भीती सांगेल. पण त्यांचा हात धरून, डोळ्यांत डोळे घालून, कुणी न विचारता त्यांनी खोटं वर वाढलं, आणि तेही किती मायेनं.

त्यांनी आपला हात सोडवून घेतला. पर्समधून फोन काढला, बापूसाहेबांच्या देखतच लावला.

"जुईली, अहवाल लिहून घे. पाचवं चित्र. सही चंद्रभानची आहे, चित्र त्याचं नाही. मातकट रंगाखाली कॅमेरा धर, नाव दिसेल. चित्रकार, अनुपमा पांढरीपांडे." बापूसाहेब खुर्चीचा दांडा धरून उभे होते. "नको, ते खोड. हातवळणे लिही. अनुपमा हातवळणे, बाळापूर."